कॅन्ससमधील शेतजमिनीवर कायोटीच्या शिकारीची सुरुवात कशी करावी?

पूर्व कॅन्ससमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याकडे मांसासाठी पाळलेल्या गाई आणि काही मेंढ्या आहेत, कायोटींचा (अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या वन्य प्राण्यांचा) त्रास वाढल्याचे तो सांगतो आणि त्याने आपल्या जमिनीवर शिकारीला परवानगीही दिली आहे. तेव्हा बंदूक कोणती घ्यावी, कायोटीला जवळ बोलावण्यासाठी आवाज काढणारे यंत्र कोणते घ्यावे आणि सुरुवात कुठून करावी. मी याच भागात बरीच वर्षे कायोटीची शिकार करतो आणि नवख्या माणसांना सोबत नेतो. माझ्या मते हा क्रम उलटा लावायला हवा. बंदूक आणि यंत्र यांचा विचार शेवटी करा. त्याआधी कायदा, मग शेतकऱ्याचे नेमके नुकसान, मग त्याची जमीन आणि तिच्यावरून वाहणारा वारा यांचा अभ्यास करा. शेतजमिनीवरची शिकार फसते ती बहुतेक वेळा या आधीच्या पायऱ्या गाळल्यामुळे.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या लोकांसाठी त्यात एक गंभीर मुद्दा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. मित्राची बंदूक सरावाच्या मैदानावर थोडा वेळ हातात घेणे हेसुद्धा बाळगणेच ठरू शकते, म्हणून परवाना हातात येण्यापूर्वी कोणत्याही बंदुकीला स्पर्श करू नका, आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो हे ध्यानात ठेवा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. तुम्ही व्हिसावर असाल, तर खरेदीपूर्वी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्या. या बाबतीतली चूक थेट देशातल्या वास्तव्यावर येते.

कॅन्ससमध्ये कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे आणि संख्येची मर्यादा नाही, तरी साधा शिकार परवाना लागतोच. १ जुलै १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. हा अभ्यासक्रम केवळ औपचारिकता समजू नका. भारतात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी बंदूक पाहिलेलीही नसते, त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांना जे अंगवळणी पडलेले असते, ते आपल्याला जाणीवपूर्वक शिकावे लागते. विष घालण्याचा विचार तर कोणी सुचवला तरी मनात आणू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात कुत्री, गरुड, बॅजर (बिळात राहणारा एक मांसाहारी प्राणी) सगळेच मरतात. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कायोटी आकाराने आणि वागण्याने आपल्याकडच्या कोल्ह्याच्या जवळचा असला, तरी भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याची शिकार हा गुन्हा आहे. इथे शिकलेले तिथे वापरायचे नाही.

आता नुकसानीविषयी. शेतकऱ्याला गोठ्यामागे खाल्लेले वासरू दिसते, त्या रात्री कायोटी ओरडताना ऐकू आलेले असतात, आणि निष्कर्ष तयार असतो. परंतु कायोटी मेलेले जनावर जितक्या आवडीने खातो, तितक्या सहज तो मोठे जनावर मारत नाही. त्याचे रोजचे अन्न म्हणजे उंदीर, गवतातले घुशीसारखे लहान प्राणी, ससे, टोळ, जंगली फळे आणि मिळेल ते मढे. म्हणून शक्य असेल तेव्हा मृत जनावर तपासायला शिका. कायोटी मेंढीला बहुधा जबड्याखाली, गळ्याशी पकडतो आणि श्वास कोंडून मारतो. त्या वेळी रक्ताभिसरण चालू असल्यामुळे दातांच्या खुणांभोवती कातडीखाली रक्त साकळते. मानेवरची कातडी सोलून पाहिली आणि आत रक्त साकळलेले नसेल, तर ते जनावर आधी मेले आणि नंतर खाल्ले गेले असे समजावे. मागच्या पायांना, शेपटीला, कानांना वेडेवाकडे चावे असतील आणि एकाच वेळी अनेक मेंढ्या जखमी असतील, तर संशय मोकाट कुत्र्यांवर घ्यावा. नवजात वासराच्या खुरांचे मऊ टोक झिजलेले नसेल, फुप्फुसाचा तुकडा पाण्यात बुडत असेल आणि पोटात दुधाचा अंशही नसेल, तर ते मृतच जन्माला आलेले असते. ही तपासणी शेतकऱ्यासोबत करा. त्याचा तुमच्यावरचा विश्वास त्यामुळे जितका वाढतो, तितका चार कायोटी मारून आणल्याने वाढत नाही, आणि निष्पाप जनावराच्या मागे लागण्याचे टळते.

त्याचबरोबर शेतकऱ्याला खोटी आशा देऊ नका. तुम्ही अधूनमधून जाऊन चार-पाच कायोटी टिपल्याने त्या भागातली त्यांची संख्या घटणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार, दरवर्षी सुमारे ७५ टक्के कायोटी मारले, तरच त्यांची संख्या टिकून राहण्याच्या पातळीखाली जाते. संख्या कमी झाली की उरलेल्यांना अन्न भरपूर मिळते, पिले अधिक जगतात, आणि रिकाम्या झालेल्या प्रदेशात शेजारचे तरुण कायोटी येऊन राहतात. शतकभर सापळे, विष आणि बक्षिसे यांचा मारा होऊनही हा प्राणी मूळच्या गवताळ मैदानांतून हवाई सोडून अमेरिकेच्या जवळपास सर्व राज्यांत पसरला, त्यामागचे कारण हेच. तरीही शिकारीचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातील हॉपलँड येथील मेंढीपालन केंद्रावर झालेल्या अभ्यासात दिसून आले की, मेंढ्या मारणारे बहुतेक कायोटी हे त्या प्रदेशावर हक्क सांगणाऱ्या, प्रजनन करणाऱ्या जोड्यांतले होते. म्हणजे कुठला कायोटी, कुठे आणि केव्हा मारला, याला महत्त्व आहे, आकड्याला नाही. मेंढ्या विण्याच्या कुरणालगत वावरणारी आणि मेंढ्या मारणारी जोडी योग्य वेळी काढली, तर त्या हंगामात कोकरे वाचू शकतात. याउलट एखादी जोडी वर्षानुवर्षे उंदरांवर जगत असेल आणि जनावरांना हात लावत नसेल, तर तिला राहू द्यावे, कारण तिच्या जागी येणारा कायोटी कसा निघेल हे सांगता येत नाही. हा सल्ला ऐकून काही शेतकरी नाराज होतात. तरी तो द्यावा.

यासाठी कायोटीचे वर्ष डोक्यात पक्के हवे. जानेवारी ते मार्च हा त्यांचा माजाचा काळ असून फेब्रुवारीत तो भरात असतो. साधारण दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर एप्रिल-मेमध्ये सरासरी सहाच्या आसपास पिले जन्मतात. उन्हाळा पिले वाढवण्यात जातो आणि शरद ऋतूत तरुण कायोटी आईबापांचा प्रदेश सोडून बाहेर पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले हे अननुभवी कायोटी आवाजाला लवकर फसतात, म्हणून शिकाऊ माणसाने हात बसवण्यासाठी हाच काळ निवडावा. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र जानेवारीअखेरपासून गाई-मेंढ्या विऊ लागेपर्यंतचा काळ मोलाचा, कारण तेव्हा प्रदेश धरून बसलेली जोडी हाती लागू शकते. एप्रिल ते जुलै मी बंदूक बाहेर काढत नाही. आईबाप मारले की बिळातली पिले उपाशी मरतात, आणि कायद्याने परवानगी आहे एवढ्यावरून ते मला करावेसे वाटत नाही. त्या काळात कोकरे प्रत्यक्ष मारली जात असतील तरच अपवाद करावा.

परवानगी मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले, हेही विचारून घ्या. कॅन्ससमध्ये खाजगी जमिनीवर, पाटी असो वा नसो, परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, आणि कुंपणाच्या खांबांवर किंवा झाडांवर जांभळा रंग दिसला, तर तेथे लेखी परवानगी लागते. जमीन एकाची, चराई दुसऱ्याला दिलेली आणि हरणांच्या शिकारीचा हक्क तिसऱ्याने भाड्याने घेतलेला, अशी गुंतागुंत इथे नेहमीची आहे. त्या सर्वांना तुमची गाडी ओळखीची असली पाहिजे. परवानगी चार ओळींत लिहून घ्या आणि जवळ बाळगा. फाटक जसे उघडे किंवा बंद आढळले तसेच ठेवा, ओल्या गव्हात गाडी घालू नका, कापणी न झालेल्या ज्वारीतून चालू नका, रिकामी काडतुसे उचला. जखमी कायोटी शेजारच्या हद्दीत गेला, तर त्या मालकाला आधी फोन करा. तारेचे कुंपण ओलांडण्यापूर्वी बंदूक रिकामी करायची, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही.

यानंतरचे काही दिवस बंदुकीशिवाय जमिनीवर घालवा. कॅन्ससची शेती एक मैल बाजूच्या चौकोनांत आखलेली आहे. एक चौकोन ६४० एकरांचा, त्याचा चतुर्थांश १६० एकरांचा. बहुतेक चौकोनांत एखादा झाडी असलेला ओढा, वारा अडवण्यासाठी लावलेली काटेरी हेजची (दाट कुंपणझाडांची) रांग, तळ्याचा बांध, आणि कधी संवर्धन योजनेखाली पडीक ठेवलेले उंच गवत असते. हे गवत आणि ओढ्याची झाडी या कायोटीच्या दिवसा झोपण्याच्या जागा, तर कापलेल्या मक्याचे आणि सोयाबीनचे रान ही त्याची रात्री उंदीर टिपण्याची जागा. पहाटे आणि सूर्यास्तानंतर रस्त्यावर उभे राहून त्यांचे ओरडणे कोणत्या बाजूने येते ते नकाशावर टिपून ठेवा. ओढ्याकाठच्या चिखलातले ठसे, फाटकाशी आणि पायवाटांच्या फाट्यावर टाकलेली केसाळ विष्ठा, कुंपणाखालून जाण्याच्या झिजलेल्या जागा पाहा. शेतकरी मेलेली जनावरे एका कोपऱ्यात टाकत असेल, तर ती पुरण्याचा किंवा उचलून नेण्याचा आग्रह धरा. विण्याच्या कुरणाजवळ मढे ठेवणे म्हणजे कायोटीला तिथे येण्याची सवय लावणे होय.

बंदुकीबाबत थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक गरजेपेक्षा अधिक बोलतात. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची बोल्ट रायफल (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढायची), मध्यम शक्तीची दुर्बीण आणि ५० ते ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची, लागताच फुटणारी गोळी एवढे नवख्याला पुरते. .२२-२५० आणि .२४३ वाऱ्यात थोडे सरस, पण धक्का आणि खर्च जास्त. १०० यार्डांवर गोळी नेमाच्या दीड इंच वर पडेल असे जुळवले, की २०० यार्डांपर्यंत फारसा हिशेब करावा लागत नाही. कायोटी केसांमुळे मोठा दिसतो. प्रत्यक्षात या भागातला प्रौढ कायोटी साधारण १० ते १६ किलोंचा असतो आणि त्याच्या छातीतली मर्माची जागा तळहाताहून फार मोठी नसते. म्हणून जमिनीवर बसून, काठ्यांच्या आधारावर रायफल ठेवून सराव करा. दाट झाडीत बारा बोअरची छऱ्यांची बंदूक चांगली, पण ४० यार्डांपलीकडे ती वापरू नये.

गोळी लागली नाही तर ती कुठे जाईल, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारायचा. .२२३ ची गोळी दोन मैलांपर्यंत जाऊ शकते. सपाट, गोठलेल्या जमिनीवर ती उसळते. टेकाडाच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला कायोटी कितीही सोपा वाटला, तरी त्याच्यावर गोळी झाडायची नाही, कारण माथ्यापलीकडे गाई, तेलाचा पंप, घर किंवा दुसरा शिकारी असू शकतो. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे तर कधीच नाही. प्रत्येक जागेवर बसताच मी आधी कुठल्या दिशेला गोळी झाडता येणार नाही ते मनाशी ठरवतो. हरणांच्या बंदूक-हंगामात आसपास इतरांच्या रायफली चालू असतात, तेव्हा नारिंगी जाकीट घालावे. तुम्ही हालचाल केली नाही तर त्या रंगाने फारसे बिघडत नाही.

आता या शिकारीचा गाभा, म्हणजे वारा. आवाज ऐकून येणारा कायोटी सरळ शेवटपर्यंत येईल असे गृहीत धरू नका. बहुतेक वेळा तो अर्धा फेरा मारून आवाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला जातो आणि तिथून वास घेऊन खात्री करतो. ही फेरी तुम्हाला दिसेल अशा मोकळ्या जागेतून त्याला मारायला लावणे, हेच बसण्याची जागा निवडण्याचे मर्म. एक उदाहरण घ्या. सकाळची वेळ आहे, वारा उत्तरेचा आहे आणि कायोटी पश्चिमेकडच्या ओढ्यात झोपलेले आहेत. तुम्ही पूर्वेकडून, हेजच्या आडोशाने चालत यायचे. त्यामुळे सूर्य पाठीशी राहतो आणि तुमचा वास दक्षिणेला जातो, ओढ्यात जात नाही. हेजच्या पुढे, तिच्या सावलीत, झुडपाला पाठ टेकून बसा, म्हणजे तुमची आकृती त्यात मिसळून जाते. यंत्र असेल तर ते तुमच्यापासून ४०-५० यार्ड उत्तरेला किंवा वायव्येला ठेवा, म्हणजे येणाऱ्याची नजर आणि कान तिकडे लागतात. दक्षिणेला गव्हाचे मोकळे रान असले पाहिजे. ओढ्यातून निघालेला कायोटी त्या रानावरून वळसा घेईल, म्हणून तोंड आणि रायफलचा रोख नैर्ऋत्येला ठेवा आणि तो तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधीच निर्णय घ्या. त्याच जागी वारा दक्षिणेचा असेल तर सगळा विचार नव्याने करावा लागतो, आणि वारा पूर्वेचा असेल तर त्या दिवशी तिथे जाऊच नये. हिवाळ्यात इथे थंडीची लाट येण्यापूर्वी वारा बहुधा दक्षिणेचा आणि ती आल्यावर वायव्येचा असतो, म्हणून प्रत्येक शेतासाठी दोन्ही वाऱ्यांच्या जागा ठरवून ठेवाव्यात. ताशी १५-२० मैलांहून अधिक वारा असेल तर आवाज पोहोचत नाही आणि नेमही राहत नाही.

गाडी खोलगट जागी, दिसणार नाही अशी लावा, दार आपटू नका, माथ्यावरून चालू नका. बसल्यावर काही मिनिटे शांत राहा, मग सशाचा किंवा उंदराचा केविलवाणा आवाज हळू काढा, कारण कायोटी शंभर यार्डांवरही असू शकतो. काही मिनिटांनी आवाज वाढवा, मधे थांबत राहा. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात. जानेवारीनंतर अर्धा तास द्यावा, कारण प्रौढ जोडी सावकाश येते. त्या काळात कायोटीची एखादी एकाकी आरोळी सशाच्या आवाजापेक्षा प्रभावी ठरते. माझा सल्ला असा की पहिल्या हंगामात तोंडाने वाजवायची साधी शिटी शिका. ती स्वस्त आहे आणि किती वाजवावे, कधी थांबावे हे तिच्यामुळे कळू लागते. तुम्ही तोंडाने छोटा भुंकल्यासारखा आवाज काढला की धावणारा कायोटी बहुधा क्षणभर थांबतो. गोळी झाडल्यावर उठू नका. जोडीदार जवळ असण्याची शक्यता असते, म्हणून पिलाच्या विव्हळण्याचा आवाज काढत आणखी काही मिनिटे बसा. एकाच जागी दोन-तीन आठवड्यांच्या आत पुन्हा आवाज काढू नये. नेम चुकल्याने वाचलेला किंवा वास लागून पळालेला कायोटी तो आवाज लक्षात ठेवतो.

ओळख पटवण्याबाबत कोणतीही सूट नाही. कायोटीचे थोबाड निमुळते, कान टोकदार व मोठे, शेपटीचे टोक काळे असते आणि पळताना तो शेपूट खाली ठेवतो. गावात शेतकऱ्यांची कुत्री मोकळी फिरतात, आणि मेंढ्यांच्या राखणीला असलेला पांढरा ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा रात्री आपल्या कुरणाबाहेरही गस्त घालतो. उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीत रंग दिसत नाही. तिथे राखणीचे कुत्रे, वासरू आणि कायोटी हे सगळे नुसते पांढरे आकार असतात. कॅन्ससने २०२१ पासून वेगळ्या परवान्यावर अशी रात्रीची शिकार ठराविक काळात खुली केली आहे, पण निदान पहिली दोन वर्षे तुम्ही दिवसाच शिकार करावी असे मी आग्रहाने सांगेन. रात्री पार्श्वभूमी दिसत नाही, अंतर कळत नाही, आणि शेतकऱ्याचे कुत्रे मारल्यावर क्षमा मागून काही भरून येत नाही. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा यांसारख्या उत्तरेकडच्या राज्यांत शिकारीला गेलात, तर तिथे लांडगा आहे आणि त्याला संघीय कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात असू द्या.

मेलेल्या कायोटीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. खरूज, पिसवा आणि गोचिड्या सर्रास असतात आणि रेबीजची शक्यता नाकारता येत नाही. कातडीचे भाव गेल्या काही वर्षांत पार उतरले आहेत. २०२१ मध्ये कॅनडा गूस या कोट बनवणाऱ्या कंपनीने फरची खरेदी थांबवण्याचे जाहीर केले, त्याचाही त्यात वाटा होता. तरी डिसेंबर-जानेवारीतले दाट केसांचे कातडे वाया घालवू नये. सोलायला शिका किंवा ज्याला हवे त्याला द्या. मढे कुठे टाकायचे ते शेतकऱ्याला विचारा, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नका. शक्य झाल्यास पोट उघडून पाहा आणि नर की मादी, तरुण की झिजल्या दातांचा, पोटात उंदीर होते की लोकर, हे तारीख, जागा आणि वाऱ्याची दिशा यांसह वहीत लिहा. ही नोंद शेतकऱ्यालाही दाखवा. पुढच्या वेळी कुठल्या कुरणाच्या बाजूला बसायचे आणि कुठली जोडी सोडून द्यायची, हे तिच्यावरून दोघांना मिळून ठरवता येईल.